सुपरस्टारना रेफ्री झुकतं माप देतात का?

पहाटेचा_प्रेक्षक (पुणे)

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा कमी आणि माझ्या मुलीचा जास्त आहे. ती आठवीत आहे, शाळेच्या बास्केटबॉल संघात गार्ड (चेंडू पुढे नेणारी) खेळते. बास्केट टाकण्यापेक्षा समोरच्याला अडवण्यात तिला जास्त मजा येते. २०२५ च्या मे महिन्यात सुट्टी होती, म्हणून एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधली ओक्लाहोमा सिटी विरुद्ध मिनेसोटा ही मालिका आम्ही दोघांनी सकाळी सहाला उठून पाहिली. चौथा सामना १२८-१२६ असा संपला, ओक्लाहोमाच्या शे गिल्जस-अलेक्झांडरने ४० पॉइंट केले. मिनेसोटाचे प्रेक्षक त्याला 'फ्री थ्रो मर्चंट' (फाऊल उकळून, कोणी न अडवता मिळणाऱ्या शॉटवर पॉइंट कमावणारा) म्हणून ओरडत होते.

मुलगी मध्येच म्हणाली, "बाबा, त्याला एवढासा हात लागला की शिट्टी. आणि तो स्वतः पुढच्याला कोपराने ढकलून जागा करतो तेव्हा काहीच नाही. मी असं केलं तर सर मला बाहेर बसवतील." वर आणखी एक, की तो तीन पावलं टाकतो आणि ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात घेऊन जास्त पावलं टाकल्याची चूक) देत नाहीत.

मला उत्तर देता आलं नाही. माझा मेहुणा म्हणतो की सगळं आधीच ठरलेलं असतं, आणि पुरावा म्हणून सट्ट्यात सापडलेल्या त्या टिम डोनागी रेफ्रीचं प्रकरण सांगतो. मला ते पटत नाही. पण मुलीला जे दिसलं ते चूक आहे असंही म्हणवत नाही. इथे कोणी बास्केटबॉलचं रेफ्रीपण केलेलं असेल तर त्यांचं मत फार मोलाचं ठरेल.

---

जुना_बुल्सवाला (नाशिक)

देतात. मी शिकागो बुल्सचा, म्हणजे मायकेल जॉर्डनच्या संघाचा, चाहता असूनही सांगतो, देतात.

१४ जून १९९८, सॉल्ट लेक सिटी, बुल्स विरुद्ध युटा, फायनलचा सहावा सामना. मी तेव्हा अकरावीत होतो. जॉर्डनच्या शेवटच्या शॉटचा फोटो पेपरातून कापून फिजिक्सच्या वहीत चिकटवला होता. पूर्ण सामना पाहायला मिळाला तो कित्येक वर्षांनी. जॉर्डन उजवीकडे निघतो, थांबतो, डावा हात युटाच्या ब्रायन रसेलच्या कमरेला, रसेल घसरतो, जॉर्डन सरळ उभा राहून शॉट घेतो. ८७-८६. घड्याळात ५.२ सेकंद बाकी.

मी ते दृश्य किती वेळा पाहिलं असेल याची गणती नाही. रसेल आधीच त्या बाजूला झुकला होता, त्याचा तोल त्याच्याच वेगाने गेला, हे मी आजही सांगेन. पण हात होता. तोच हात उलटा असता, म्हणजे रसेलने जॉर्डनला तसा लावून शॉट घेतला असता, तर शिट्टी झाली असती असं मला मनापासून वाटतं. हे मोठ्याने म्हणायला मला वीस-पंचवीस वर्षं लागली.

पण त्याच सामन्यातली दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. दुसऱ्या क्वार्टरमध्ये युटाच्या हॉवर्ड आयस्लीचा तीन पॉइंटांचा शॉट, शॉट-क्लॉक (शॉट घ्यायला मिळणारा ठरावीक वेळ) संपल्यावर सुटला म्हणून रद्द केला. रिप्लेमध्ये चेंडू वेळेत हातातून सुटलेला दिसतो. चौथ्या क्वार्टरमध्ये बुल्सच्या रॉन हार्परचा दोन पॉइंटांचा शॉट मान्य केला, तो उशिरा सुटला होता. तेव्हा असल्या गोष्टी रिप्लेवर तपासायची सोय नव्हती. पाच पॉइंट इकडचे तिकडे, आणि युटा हरलं एका पॉइंटने. आयस्ली आणि हार्पर, दोघांपैकी कोणीच सुपरस्टार नाही. लोकांच्या लक्षात मात्र जॉर्डनचा हात राहिला.

दुसरं उदाहरण २००६ ची फायनल, पाचवा सामना. मियामीच्या ड्वेन वेडने एकट्याने २५ फ्री थ्रो घेतले. समोरच्या डॅलसच्या अख्ख्या संघाला मिळालेले फ्री थ्रो किती? तेही २५. मियामी जादा वेळेत १०१-१०० ने जिंकलं, शेवटचे दोन पॉइंट वेडच्या फ्री थ्रोचे, घड्याळात १.९ सेकंद असताना. वेड दर वेळी बास्केटवर चालून जात होता आणि डॅलस लांबून शॉट घेणारा संघ होता, हे मला समजतं. तरी पण पंचवीस!

---

फॉल्समकर (कॅलिफोर्निया)

मी सॅक्रामेंटोपासून अर्ध्या तासावर राहतो, त्यामुळे हा विषय आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत दर महिन्याला निघतोच. २००२ साली मी इथे नव्हतो, पण ऑफिसातल्या जुन्या लोकांच्या तोंडून तो सामना इतक्यांदा ऐकलाय की आता मला तो पाहिल्यासारखाच वाटतो.

आमचे सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध लॉस एंजेलिस लेकर्स, पश्चिम विभागाची फायनल. चार सामने जिंकणारा पुढे जाणार, आणि किंग्ज ३-२ ने पुढे. ३१ मे ला लॉस एंजेलिसमध्ये सहावा सामना. एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो मिळाले. लेकर्सच्या धिप्पाड शॅकला (शकील ओनीलला) अडवणारे किंग्जचे व्लादे दिवाच आणि स्कॉट पोलार्ड दोघेही सहा फाऊल होऊन बाहेर. शेवटी शेवटी लेकर्सच्या कोबी ब्रायंटचं कोपर किंग्जच्या माइक बिबीच्या नाकावर बसलं, रक्त आलं, कोबीवर फाऊल नाही. लेकर्स १०६-१०२. ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडरसारख्या माणसाने लीगच्या कमिशनरना, डेव्हिड स्टर्न यांना, पत्र लिहून या सामन्याबद्दल जाब विचारला होता.

तुमच्या मेहुण्यांचं डोनागी प्रकरण इथेच येऊन जुळतं. डोनागी खरा गुन्हेगार होता. सामन्यांवर पैसे लावले, माहिती पुरवली, २००७ मध्ये गुन्हा कबूल केला, २००८ मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच काळात त्याच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या पत्रात एका सामन्याचं वर्णन होतं, ते या सहाव्या सामन्याशी जुळतं. लीगने आरोप फेटाळला. लॉरेन्स पेडोविट्झ या वकिलांनी केलेल्या चौकशीतही दुसरा कोणी रेफ्री सट्ट्यात किंवा निकाल फिरवण्यात असल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणून 'सगळं ठरलेलं' हे मला मान्य नाही. आणि आमच्या लोकांना मी आणखी एक आठवण करून देतो, ती त्यांना आवडत नाही. सातवा सामना सॅक्रामेंटोमध्येच होता, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, आणि त्यात किंग्जने ३० फ्री थ्रोंपैकी १६ च टाकले. सामना जादा वेळेत गेला आणि हातचा सुटला.

आता आकड्यांकडे. 'सुपरस्टार' म्हणून सगळ्यांना एका पारड्यात घालता येत नाही. २०१५-१६ चा सीझन घ्या. स्टेफ करी लीगमध्ये सर्वाधिक, सामन्याला ३०.१ पॉइंट काढत होता आणि त्याला फ्री थ्रो मिळत होते साधारण पाच. जेम्स हार्डन २९ पॉइंट काढत होता, त्याला दहाच्या वर. दोघेही सुपरस्टार, दोघांनाही टीव्हीवर तेवढीच जागा. फरक खेळण्याच्या पद्धतीत होता. करी लांबून शॉट घ्यायचा, हार्डन अंगावर चालून जायचा आणि अडवणाऱ्याचा हात आपल्या हातात अडकवून घ्यायचा. ही युक्ती इतकी पसरली की २०२१-२२ पासून लीगने, शॉट घेणाऱ्याने मुद्दाम उलटसुलट उडी मारून किंवा वाट सोडून अंगावर येऊन मिळवलेले फाऊल देणं बंद केलं.

आणि सुपरस्टारवर अन्याय झाल्याचं उदाहरण हवं असेल तर २८ जानेवारी २०२३, बॉस्टन. स्कोअर बरोबरीत, लेकर्सचा लेब्रॉन जेम्स शेवटी बास्केटकडे धावला, त्याच्या हातावर बॉस्टनच्या जेसन टेटमचा हात सरळ पडला, शिट्टी नाही. लेब्रॉन गुडघ्यावर बसला. त्याचा सहकारी पॅट्रिक बेव्हर्ली फोटोग्राफरचा कॅमेरा घेऊन रेफ्रीला फोटो दाखवायला गेला, त्यालाच टेक्निकल (वागणुकीबद्दलचा फाऊल) मिळाला. लेकर्स जादा वेळेत हरले. नंतर लीगने आणि रेफ्रींच्या संघटनेनेही चूक मान्य केली. तो लेब्रॉन होता, आणि समोर लाखो लोक पाहत होते.

लीग २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल जाहीर करते, प्रत्येक निर्णय बरोबर की चूक. ते वाचण्याची सवय लावा. एक गोष्ट चटकन लक्षात येते. चुकीच्या शिट्ट्या कमी असतात, न वाजलेल्या शिट्ट्या जास्त.

---

तिसरी_शिट्टी (सांगली)

फॉल्समकर यांचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. उत्तर मला तिथेच दिसतं.

मी बारा वर्षं जिल्हा आणि विभाग पातळीवर रेफ्रीपण केलं. एनबीएचा आणि माझा संबंध तुमच्यासारखाच, टीव्हीपुरता. पण शिट्टी तोंडात असताना माणसाच्या मनात काय चालतं, ते तिथे आणि इथे फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

आधी मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं. तीन पावलांची तक्रार बहुतेक वेळा खरी नसते. चालता चालता चेंडू दोन्ही हातांत घेताना जे पाऊल जमिनीवर असतं ते मोजत नाहीत. त्यानंतरची दोन मोजतात. २०१७ पासून फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमातही हे आलं आहे, म्हणजे तिच्या शाळेच्या सामन्यांनाही तेच लागू. तिला सांगा, पावलं मोजायला सुरुवात चेंडू हातात पक्का आल्यावर करायची. तरी तीन झाली तर ती बरोबर आणि रेफ्री चूक.

आता फाऊलबद्दल. सगळे जण सुपरस्टारला *मिळालेले* फ्री थ्रो मोजतात. मला ते मोजणं अपुरं वाटतं. ज्याच्या हातात चेंडू जास्त, जो दिवसभर बास्केटवर चालून जातो, त्याला जास्त लागणार आणि जास्त मिळणार. त्यातून पक्षपात वेगळा काढणं फार कठीण. झुकतं माप शोधायचं असेल तर तोच खेळाडू दुसऱ्या बाजूला, बचाव करताना पाहा. आणि त्यातही त्याचे चार-पाच फाऊल झाल्यानंतर पाहा. जो फाऊल त्याच्यावर *लागायला हवा होता आणि लागला नाही*, तिथे ते असतं. हा फाऊल स्कोअरशीटवर येत नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

विल्ट चेंबरलेन नियमित सीझनचे १०४५ सामने खेळला, बहुतेक पूर्ण वेळ कोर्टावर असायचा, आणि फाऊल पूर्ण होऊन तो एकदाही बाहेर गेला नाही. मोझेस मलोन तर सलग १२१२ सामने असा खेळला. दोघेही बास्केटखाली उभे राहून धक्काबुक्की करणारे, सेंटरच्या जागेवरचे. त्यातला काही भाग त्यांच्या शहाणपणाचा आहे. चार फाऊल झाल्यावर विल्ट हात मागे घ्यायचा असं त्याच्याबद्दल सांगतात. पण मी बास्केटखाली उभी राहिलेली आहे. फक्त शहाणपणाने हजार सामने निघतात यावर माझा विश्वास बसत नाही. कुठे तरी, कोणाची तरी शिट्टी ओठांपर्यंत येऊन थांबली असणार.

हे मी कशावरून म्हणते ते लिहिते. आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

शालेय मुलींची, सतरा वर्षांखालची, जिल्ह्याची फायनल. डिसेंबर, दुपारचे चार, सिमेंटचं मैदान, आम्ही दोनच रेफ्री. एका संघात एक मुलगी राज्याकडून खेळून आलेली. उंच, हसरी, सुंदर खेळायची. तिला बघायला म्हणून आजूबाजूच्या शाळांची मुलं आली होती, भिंतीवर बसली होती. दुसरा संघ तालुक्याच्या गावचा, तिच्या संघापेक्षा दोन पॉइंटने मागे. तीन मिनिटं उरलेली. त्या मुलीचे चार फाऊल झालेले. आपल्याकडे पाचवा झाला की बाहेर.

टेबलावर फाऊलच्या आकड्यांच्या पाट्या असतात. एक ते चार काळ्या अंकात, पाच लाल अंकात. स्कोअररने चारची पाटी वर केली होती ती मी पाहिली होती. आणि त्यानंतर माझ्या डोक्यात ती पाटी तशीच वर राहिली.

तालुक्याच्या संघातली चौदा नंबरची मुलगी, बारीकशी, चेंडू घेऊन उजवीकडून आत आली. मी बेसलाइनवर (बास्केटमागच्या रेषेवर), चार पावलांवर. राज्याच्या मुलीने मागून हात टाकला, तो चेंडूला नाही, हाताला लागला. मनगटाच्या वर. मी पाहिलं आणि आवाजही ऐकला. श्वास भरून घेतला होता. शिट्टी वाजली नाही. चेंडू बाहेर गेला आणि मी हात दाखवून चेंडू चौदा नंबरच्याच संघाला दिला.

हे शेवटचं नीट समजून घ्या, कारण टीव्हीवर तुम्हाला ते शंभरदा दिसेल आणि कळणार नाही. मी त्या मुलीचा हक्क पूर्ण नाकारला नाही. दोन फ्री थ्रोऐवजी तिच्या संघाला बाजूने चेंडू दिला. मनाची समजूत घातली की कोणाचंच फार नुकसान नको. फायनल आहे, मुलं बघायला आलीत, चांगल्या खेळाडूला असल्या फाऊलवर बाहेर कसं काढायचं. मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणाचा फोन नव्हता, कोणी ओळखीचं नव्हतं. तो संघ जिंकावा असंही मनात नव्हतं. मला फक्त त्या लाल पाटीचं कारण व्हायचं नव्हतं.

तालुक्याचा संघ दोन पॉइंटने हरला. सामन्यानंतर नळावर चौदा नंबरची मुलगी पाणी पीत होती. मला बघून बाजूला झाली आणि अगदी हळू म्हणाली, "मॅडम, मला लागलं नव्हतं का?" भांडायला नाही, खरंच विचारत होती. आपलंच काही चुकलं का अशा सुरात. मी म्हणाले, "दिसलं नाही ग मला."

दिसलं होतं.

म्हणून मेहुण्यांना सांगा, ठरवून करायची गरजच नसते. आणि जे लोक 'पुरावा दाखवा, कोणी सांगितलं होतं रेफ्रीला?' असं विचारतात त्यांनाही हेच सांगा. मला विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी कोणाची बाजू घेतली नाही.

उलट बाजूची दोन उदाहरणं देते, म्हणजे मी एकांगी लिहिते असं वाटायला नको. एप्रिल २००७ मध्ये डॅलसला जोई क्रॉफर्ड या अनुभवी रेफ्रीने टिम डंकनला बाहेर काढलं. का, तर तो बाकावर बसून हसत होता. डंकन म्हणजे लीगमधला सर्वांत शांत सुपरस्टार. इथे रेफ्री सुपरस्टारला अजिबात घाबरला नाही. पण पुढे काय झालं? डंकनला २५ हजार डॉलर दंड, आणि क्रॉफर्डला उरलेल्या सीझनभर घरी बसवलं. तो निर्णय चूक होता, शिक्षा व्हायलाच हवी होती. तरी लीगमधल्या बाकीच्या रेफ्रींनी त्या दिवशी त्यातून काय वाचलं असेल, याचा विचार मी नेहमी करते.

दुसरं २०१६ च्या फायनलचा सहावा सामना, क्लीव्हलँड. स्टेफ करी, त्या वर्षी एकमताने निवडलेला एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू). चार मिनिटं बावीस सेकंद शिल्लक असताना त्याला सहावा फाऊल दिला. त्याने दातांवरची पट्टी फेकली, ती एका प्रेक्षकाला लागली. प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी नंतर जाहीर नाराजी व्यक्त केली. लीगच्या एमव्हीपीला, फायनलमध्ये, असले नुसत्या स्पर्शाचे फाऊल लावता, असा त्यांचा रोख होता. दोघांना प्रत्येकी २५ हजारांचा दंड झाला.

कर यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या बोलण्यातला 'एमव्हीपी' हा शब्द बघा. फाऊल होता की नव्हता एवढाच वाद असता तर त्या शब्दाची गरज काय होती? माझ्या चौदा नंबरच्या मुलीबद्दल असं कोणी बोललं नसतं. खेळाडू, प्रशिक्षक, प्रेक्षक सगळ्यांनी मनात धरलेलंच असतं की मोठ्या खेळाडूला बाहेर काढायचं तर फाऊलही तेवढाच मोठा हवा. नियमात असं कुठेही लिहिलेलं नाही. ज्या रेफ्रीने त्या रात्री शिट्टी वाजवली त्याचा निर्णय बरोबर होता का, यावर वाद घाला. पण ते सोपं नव्हतं, हे मी सांगू शकते.

---

जुना_बुल्सवाला (नाशिक)

ताई, प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या जॉर्डनच्या हाताचाही हाच हिशेब लागतो की. फायनलचा शेवटचा अर्धा मिनिट, त्या माणसावर ऑफेन्सिव्ह फाऊल (चढाई करणाऱ्यावरचा फाऊल) देऊन सामना युटाच्या हातात कोण देणार होतं? मी इतकी वर्षं हात जोराचा होता की नाही हेच बघत बसलो.

अवांतर: त्या चौदा नंबरच्या मुलीशी पुढे कधी भेट झाली का?

---

फॉल्समकर (कॅलिफोर्निया)

तिसरी_शिट्टी, थोडं दुमत नोंदवतो. प्राइस, रेमर आणि स्टोन या तिघांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यांना एनबीएत यजमान संघ, सामन्यात मागे असलेला संघ आणि मालिकेत मागे असलेला संघ, यांच्या बाजूने कल दिसला होता. म्हणजे दबाव प्रेक्षकांचा आणि सामन्याच्या स्थितीचाही असतो, फक्त मोठ्या नावाचा नाही. तुमच्या सामन्यात भिंतीवर बसलेली मुलं नसती तर?

आणि २००२ मधलंच आणखी एक. त्याच मालिकेच्या चौथ्या सामन्यात पूर्वार्ध संपताना लेकर्सच्या समाकी वॉकरचा अर्ध्या कोर्टावरून टाकलेला शॉट धरला गेला. चेंडू हातात असतानाच भोंगा झाला होता. किंग्ज तो सामना १००-९९ ने हरले. समाकी वॉकर बाकावरचा खेळाडू. त्याला कोण झुकतं माप देणार? ती साधी चूक होती, आणि त्यातूनच पुढच्या सीझनपासून रिप्ले आला. न वाजलेल्या शिट्टीला मात्र रिप्लेचा फारसा उपयोग नाही. प्रशिक्षक झालेल्या निर्णयाला आव्हान देऊ शकतो, न झालेल्याला सहसा नाही.

---

तिसरी_शिट्टी (सांगली)

फॉल्समकर, भिंतीवरची मुलं नसती तर कदाचित वाजवली असती. खरंच सांगता येत नाही. प्रेक्षकांचा आवाज आणि मोठं नाव या दोन गोष्टी मला त्या क्षणी वेगळ्या जाणवल्या नव्हत्या. ती मुलं तिच्यासाठीच आली होती.

आव्हानाबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी नेमकं. मला ते सुचलं नव्हतं.

बुल्सवाले दादा, नाही भेटली. पुढच्या वर्षी तो संघ आला होता, त्यात ती नव्हती. दहावी झाली असेल. त्यांच्या बाईंना विचारावंसं वाटलं होतं, विचारलं नाही. त्यानंतर मी एकच गोष्ट बदलली. सामना सुरू असताना टेबलाकडे फाऊलच्या पाट्यांसाठी बघायचं नाही. कोणाचे किती झाले हे टेबलाने मोजायचं, पाचवा झाला की त्यांनी भोंगा द्यायचा. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. रेफ्रीला सामन्याचं भान हवं म्हणतात, आणि त्यांचंही एका अर्थी खरं आहे. कोणाचे चार झालेत हे माहीत असेल तर उगाच हाताला हात लागल्याचा पाचवा देऊन सामना बिघडवायचा नाही, असं ते सांगतात. पण मला स्वतःचा भरवसा तेवढा नव्हता.

पहाटेचा_प्रेक्षक, मुलीला एक सुचवते. पुढचा सामना बघताना स्कोअर लिहायचा नाही. एकच खेळाडू निवडायचा, संघातला सर्वांत मोठा. तो बचाव करत असतानाच त्याच्याकडे बघायचं, आणि वहीत दोन रकाने करायचे: हात लागला, शिट्टी झाली. चेंडूकडे बघायचा मोह आवरला तर दोन क्वार्टरमध्ये तिचं तिला दिसेल. बचाव करायला आवडणाऱ्या मुलीला हे जमेल.

---

पहाटेचा_प्रेक्षक (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. चौदा नंबरच्या मुलीपाशी आली तेव्हा ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मॅडमनी तिला खरं सांगायला हवं होतं." मग म्हणाली, "पण त्यांनी आता सांगितलं." मी ते जसंच्या तसं इथे लिहितोय, तिची परवानगी घेऊन.

रविवारी २०१६ चा तो सहावा सामना शोधून पाहिला. तिने रकाने आखले, खेळाडू करीच घेतला. पहिल्या क्वार्टरनंतर तिची माझ्याशी भांडणं सुरू झाली, कारण मला जिथे नुसता हात दिसत होता तिथे ती फाऊल म्हणत होती, आणि दोन ठिकाणी उलटं. मधल्या वेळेपर्यंत आमच्या दोघांच्या वह्या जुळत नव्हत्या. शेवटच्या फाऊलला तिने रिमोट घेऊन चार वेळा मागे नेलं आणि म्हणाली, "हा मी दिला नसता." तो कोण आहे म्हणून नाही ना, असं मी विचारलं. तिने परत एकदा मागे नेलं. अजून ठरलेलं नाही.

पुढच्या महिन्यात त्यांच्या शाळेत आंतरवर्गीय सामने आहेत. तिने सरांकडे टेबलावर बसायला मागितलं आहे. त्यांच्याकडच्या पाट्या पुठ्ठ्याच्या आहेत, आकडे सगळे काळेच. ती विचारते आहे की पाच खरंच लाल असावाच लागतो का.

---

तिसरी_शिट्टी (सांगली)

हो, पाच लाल. स्केचपेनने रंगवलेला चालेल, फक्त कोर्टाच्या पलीकडच्या बाकावरून दिसेल एवढा जाड काढायला सांगा.